शुक्रवार ते सोमवार

गेल हनीमनची ‘एलेनॉर ऑलिफंट इज कम्प्लीटली फाइन’ काल रात्री संपवली. २०१७ची, लेखिकेची पहिलीच कादंबरी. ग्लासगोतल्या एका ऑफिसात हिशेब सांभाळणारी, तिशीला टेकलेली एलेनॉर. शुक्रवारी संध्याकाळी पिझ्झा आणि व्होडका घेऊन घरी जाते, ती सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत कुणाशी बोलत नाही. एवढ्या मोठ्या शहरात! गालावर भाजल्याचा व्रण, दर बुधवारी आईचा विखारी फोन. लहानपणी काय घडलं ते लेखिका घाईने सांगत नाही, आणि मीही इथे लिहिणार नाही.

गंमत म्हणजे मी पानोपानी हसत होते. बाई विलक्षण फटकळ, शिष्ट, आणि आपण विचित्र वागतो याचा तिला पत्ताच नाही. ऑफिसच्या आयटीतल्या गबाळ्या रेमंडबरोबर एलेनॉर त्याच्या आईकडे चहाला जाते तो प्रसंग मी पुन्हा काढून वाचला. संधिवाताने बोटं सुजलेल्या त्या बाईंसोबत एलेनॉर भांडी घासते, त्या पुसतात. बस, एवढंच. पण कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आपला उपयोग होतो, हे तिला नवं आहे.

एलेनॉर एका गायकाच्या प्रेमात पडते, ते प्रकरण मात्र मला जरा ताणलेलं वाटलं. पण रेमंडशी तिचं लग्न लावून लेखिका मोकळी झाली नाही, याबद्दल तिचे आभार. एलेनॉर डॉक्टरकडे जाते, समुपदेशकासमोर बसते, चिडते, पुन्हा जाते. बरं होणं असंच कंटाळवाणं, हप्त्याहप्त्याने चालतं.