दहा टॉवेल, अडीचशे डॉलर

मोठ्या कॉन्सर्टचा हिशेब गाणी चालू असतानाच होतो. बाहेर मैदान दणाणत असतं आणि स्टेजमागच्या पत्र्याच्या केबिनमध्ये आयोजकाचा माणूस, कलाकाराचा हिशेबनीस आणि माझ्यासारखा एखादा सीए जनरेटरच्या डिझेलवरून हुज्जत घालत बसलेले असतात. या बैठकीला आमच्या धंद्यात सेटलमेंट म्हणतात. विकलेली तिकिटं, वाटलेले पास, कर, जागेचं भाडं, बॅरिकेड, सुरक्षारक्षक, ग्रीन रूममधलं जेवण, सगळ्याच्या पावत्या टेबलावर येतात. अमेरिकेतली रूढ पद्धत अशी, की खर्च वजा जाता उरलेल्यातले साधारण ८५ टक्के कलाकाराचे आणि १५ टक्के आयोजकाचे. बडा तारा असेल तर ९०-१०. शिवाय गॅरंटी म्हणून ठरलेली किमान रक्कम कलाकाराला मिळतेच, मैदान भरो वा रिकामं राहो.

या धंद्यातल्या मक्तेदारीवर बोलणारे बहुतेक जण तिकिटावरच्या जादा आकारापासून सुरुवात करतात. मी या टेबलापासून करतो, कारण खरी गोम तिथे आहे.

२४ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकी सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे क्लाइड लॉरेन्स या गायकाची साक्ष झाली. दोन महिन्यांपूर्वी टेलर स्विफ्टच्या ‘एराज’ दौऱ्याच्या तिकीटविक्रीत तिकीटमास्टर या कंपनीची यंत्रणा कोलमडली होती, म्हणून ही सुनावणी. लॉरेन्सचा आठ जणांचा बँड मात्र स्टेडियमवाला नाही, मध्यम सभागृहांत वाजवणारा. त्याने साधी वजाबाकी मांडली. तिकीट ३० डॉलरचं, त्यावर ४० टक्के आकार, म्हणजे श्रोत्याच्या खिशातून गेले ४२. त्यातले बँडच्या हाती आले १२. प्रवास, हॉटेल, तंत्रज्ञ यांचा खर्च काढल्यावर उरले ६. तेही आठ जणांत. खर्चाच्या यादीत एक ओळ होती : धुतलेले दहा टॉवेल, २५० डॉलर.

त्या टॉवेलांवर सगळे हसले, आणि हसण्यासारखंच होतं. पण लॉरेन्सचा मुद्दा टॉवेल महाग असल्याचा नव्हता. हॉल आणि आयोजक वेगळे असतील, तर आयोजक असल्या बिलावरून हॉलवाल्याशी कडाकडा भांडतो, कारण प्रत्येक फुगलेला रुपया त्याच्याही १५ टक्क्यांतून जातो. मी ही भांडणं जवळून पाहिली आहेत. एका आयोजकाने बॅरिकेडचे तुकडे मोजायला रात्री दोन वाजता मैदानात माणूस पाठवला होता. कलाकाराचं हित जपलं जातं ते आयोजकाच्या सज्जनपणामुळे नव्हे, त्याच्या चिकटपणामुळे. आता हॉल लाइव्ह नेशन या कंपनीचा, आयोजक लाइव्ह नेशन आणि तिकीट विकणारी तिकीटमास्टरही लाइव्ह नेशनचीच असली, तर भांडायचं कुणी? उजव्या हाताने डाव्या हाताला बिल द्यायचं आणि वजावट कलाकाराच्या खात्यात टाकायची.

हे एका रात्रीत झालेलं नाही. अमेरिकेत पूर्वी आयोजकांची गावं वाटून घेतलेली असत. सॅन फ्रान्सिस्कोत बिल ग्रॅहम, न्यूयॉर्कमध्ये रॉन डेल्सनर, बॉस्टनमध्ये डॉन लॉ. एकमेकांच्या हद्दीत सहसा कुणी पाऊल टाकत नसे. तीही मक्तेदारीच होती, फक्त गावापुरती. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओ केंद्रांच्या खरेदी-विक्रीत पैसा केलेल्या रॉबर्ट सिलरमन यांनी एसएफएक्स या कंपनीमार्फत हे सुभे एकेक करून विकत घेतले. २००० साली ती सगळी मोट क्लिअर चॅनल या रेडिओ कंपनीने कर्जासह सुमारे ४.४ अब्ज डॉलरना उचलली आणि २००५च्या अखेरीस वेगळी काढली. तिचंच नाव लाइव्ह नेशन.

तिकीटमास्टरचा जन्म १९७६ मधला, ॲरिझोनातला. पण तिचं आजचं रूप घडवलं ते १९८२ साली सूत्रं हाती घेतलेल्या फ्रेड रोझेन या वकिलाने. तोवरची मोठी कंपनी तिकीट्रॉन हॉलवाल्यांकडून पैसे घेई. रोझेनने गणितच उलटं केलं. हॉलवाल्याला म्हणाला, तुम्ही मला काही देऊ नका, मीच तुम्हाला देतो. तिकिटावर आकार लावायचा, त्यातला वाटा हॉलला द्यायचा, शिवाय आगाऊ घसघशीत रक्कम, आणि बदल्यात काही वर्षांचा एकहाती करार. १९९१ मध्ये तिकीट्रॉनही तिकीटमास्टरच्या पोटात गेली. लोक चिडतात तो आकार, म्हणजे मुळात हॉलला दिलेल्या रकमेची वसुली. हॉलवाला हसतमुख राहतो, कलाकार नामानिराळा राहतो आणि सगळ्यांच्या रागाचं बिल तिकीटमास्टरच्या नावावर फाडलं जातं. शिव्या खाण्याचे पैसे घेणारा असा धंदा मला दुसरा माहीत नाही.

१९९४ मध्ये पर्ल जॅम या बँडने तिकीटमास्टरविरुद्ध अमेरिकी न्याय खात्याकडे तक्रार केली, त्यांच्या दोन वादकांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्षही दिली. पुढच्या वर्षी खात्याने चौकशी गुंडाळली.

२००९ मध्ये लाइव्ह नेशन आणि तिकीटमास्टर यांनी विलीन व्हायचं ठरवलं. न्याय खात्याने जानेवारी २०१० मध्ये अटी घालून परवानगी दिली. त्यातली एक अट महत्त्वाची होती : एखाद्या हॉलने दुसऱ्याचं तिकीटतंत्र घेतलं म्हणून त्याला कार्यक्रम नाकारून धडा शिकवायचा नाही. २०१९ च्या अखेरीस खात्यानेच आरोप केला, की ही अट वारंवार मोडली गेली. कंपनीला ते मान्य नव्हतं, पण अटींची मुदत साडेपाच वर्षांनी वाढली. अटीचं पालन तपासायचं कसं, हा प्रश्न मला पहिल्यापासून पडतो. धमकी काही पावतीवर लिहून मिळत नाही. ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरने २०२१ मध्ये तिकीटमास्टर सोडून प्रतिस्पर्धी सीटगीक धरली. कार्यक्रम दुसरीकडे वळू लागले आणि २०२३ मध्ये बार्कलेज परत तिकीटमास्टरकडे आलं. कंपनीचं म्हणणं, जवळच यूबीएस अरिना हे नवं सभागृह उघडलं होतं, गर्दी तिकडे गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि कोर्टात नेमकी तीच अडचण येते.

मे २०२४ मध्ये न्याय खात्याने अनेक राज्यांसह खटला भरला. त्या तक्रारीतले आकडे असे : मोठ्या सभागृहांतल्या प्राथमिक तिकीटविक्रीचा किमान ८० टक्के भाग तिकीटमास्टरकडे, तिथल्या कॉन्सर्टच्या आयोजनाचा सुमारे ६० टक्के भाग लाइव्ह नेशनकडे, उत्तर अमेरिकेत २६५हून अधिक जागा मालकीच्या किंवा ताब्यातल्या, आणि ४००हून अधिक कलाकारांचं व्यवस्थापन.

कंपनी यावर म्हणते, कार्यक्रमांच्या आयोजनात आमची उलाढाल अवाढव्य, पण नफा नखभर. ते खरं आहे. २०२३ मधल्या तिच्या २२.७ अब्ज डॉलरच्या उलाढालीतला बहुतांश वाटा कॉन्सर्टचा, कमाई मात्र तिकिटं आणि प्रायोजक यांतून. हिशेबाच्या माणसाला हा बचाव उलटा ऐकू येतो. आवळा देऊन कोहळा काढायचा तो असाच. ताऱ्याला अशी गॅरंटी देऊ करायची, की फक्त आयोजनावर जगणारा माणूस ती देऊच शकणार नाही. तूट आपल्याच ॲम्फीथिएटरमधल्या पार्किंग, बिअर आणि तिकिटावरच्या आकारातून भरून निघते. शिकागोच्या जॅम प्रॉडक्शन्सचे जेरी मिकलसन त्याच सिनेट सुनावणीत तक्रार करत होते ती याच टेबलावरून.

ताऱ्यांबद्दल इथे फार हळवं व्हायचं कारण नाही. वाढीव गॅरंटी त्यांनीच घेतली. २०२२ मध्ये मागणीनुसार चढत्या दराने ब्रूस स्प्रिंगस्टीनची काही तिकिटं चार-पाच हजार डॉलरवर गेली, तेव्हा तो दर कलाकाराच्या संमतीनेच लावला जातो, हे लोकांना पहिल्यांदा नीट कळलं. उलट द क्युअर या बँडच्या रॉबर्ट स्मिथने २०२३ मध्ये आकारांवरून जाहीर त्रागा केला. त्यांच्या २० डॉलरच्या तिकिटांवर काही ठिकाणी तेवढाच आकार लागला होता. तिकीटमास्टरने प्रेक्षकांना पाच-दहा डॉलर परत केले. एका माणसाने आवाज चढवल्यावर परत करता येणारी रक्कम मुळात घेतली कशासाठी, याचा खुलासा कुठल्याही सेटलमेंट शीटवर सापडणार नाही.

आपल्याकडे नाटकाच्या धंद्यात खरी सत्ता तारखांची. निर्माता, व्यवस्थापक, कॉन्ट्रॅक्ट शो घेणारा, सगळे शनिवार-रविवारच्या तारखांसाठी जोडे झिजवतात. पण बालगंधर्व किंवा गडकरी रंगायतन महापालिकेचं आहे. तारखांच्या वाटपात वशिला चालतो, बोंब होते, ग्रीन रूमचा एसी बंद असतो. तरी ते थिएटर कुणा एका निर्मात्याच्या खिशात नाही आणि कलाकाराच्या नाइटमधून, म्हणजे मानधनातून, कुणी टॉवेल कापत नाही. मोठ्या कॉन्सर्टचं तसं नाही. कोल्डप्लेच्या जानेवारी २०२५च्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची विक्री २२ सप्टेंबर २०२४ला खुली झाली, तेव्हा बुकमायशोच्या सांगण्यानुसार सव्वा कोटीहून अधिक लोक तिकिटांमागे होते. अडीच हजारांपासूनची तिकिटं पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर लाखांत दिसू लागली. काळ्या बाजाराची चर्चा भरपूर झाली. इथला आयोजकही बुकमायशो आणि खिडकीही बुकमायशोची, यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही. त्याच वर्षी झोमॅटोने पेटीएमचा तिकीटविक्रीचा धंदा २,०४८ कोटींना घेतला आणि ‘डिस्ट्रिक्ट’ हे ॲप काढलं. दोन दुकानं आहेत, म्हणजे एकापेक्षा बरं. पण चित्रपटगृहांशी केलेल्या एकहाती करारांबद्दलच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये बुकमायशोच्या चौकशीचा आदेश दिला होता. त्या तक्रारीचा मजकूर वाचताना मला रोझेनच आठवत होता.

आपल्याकडे अजून मैदानं भाड्याची आहेत : रेसकोर्स, बीकेसी, डी. वाय. पाटील. स्टेज उभारायचं आणि तिसऱ्या दिवशी उतरवायचं. म्हणून जागेची मालकी हा प्रश्न अजून आलेला नाही. मुंबई परिसरात कायमचं मोठं बंदिस्त सभागृह हवं, ही मागणी मात्र जोरात आहे, आणि ते कधीतरी होईल. जमीन बहुधा सरकारी असेल. त्या निविदेत खुर्च्या किती आणि पार्किंग किती हे असेलच. तिकीटविक्रीचा करार किती वर्षांचा, तो चालवणाऱ्याच्याच भगिनी कंपनीला देता येईल का, बाहेरच्या आयोजकाला वर्षाकाठी किती शनिवार राखून ठेवायचे आणि हॉलच्या खर्चाच्या मूळ पावत्या कलाकाराच्या हिशेबनिसाला दाखवाव्या लागतील का, हेही तिथेच आणि तेव्हाच लिहून घ्यावं लागेल. एकदा करारावर सह्या झाल्या, की त्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसून आम्हाला फक्त बेरीज तपासता येते.