फुटलेल्या कचोऱ्या

लग्न होऊन बोईसरला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. आषाढी एकादशीला सासूबाईंना मी फुशारकीनं सांगून बसले, "आज खिचडी नको, बटाट्याच्या कचोऱ्या करते." माहेरी कोल्हापूरला उपास म्हणजे वरी आणि दाण्याची आमटी. बटाट्याच्या पारीत खोबऱ्याचं सारण भरून तळलेली ही कचोरी मी पहिल्यांदा खाल्ली ती इथं, शेजारच्या बेनकडे. त्या वलसाडच्या.

पहिल्या घाण्यात पाच सोडल्या, तीन फुटल्या. तेल फसफसून वर आलं, खोबरं जळून काळं, नि कढईत नुसता गाळ. वासावरून बेन आल्याच. उरलेला गोळा चिमटीत दाबून म्हणाल्या, "बेटा, बटाटा पाणी प्यायलाय."

प्यायला होताच. गॅस वाचवायला मी बटाटे सोलून, चिरून कुकरला लावले होते आणि गरम असतानाच कुस्करले होते. खोबरं मिक्सरला फिरवून त्यात मीठ-साखर आधीच कालवून ठेवली, त्यामुळे सारणालाही पाणी सुटलेलं.

पुन्हा अर्धा किलो बटाटे, या वेळी सालासकट उकडले. सोलून ताटात पसरले, पार गार होऊ दिले. मग किसले, कारण एखादी गुठळी राहिली तरी पारी तिथंच तडकते. चार चमचे आरारूट घालून हलक्या हातानं गोळा केला. फार मळलं की बटाटा चिकट होतो. आता दुसरा नारळ मिक्सरला लावणार, तर लाइट गेली. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज बनवतंय, आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर. पण पावसाचे दोन थेंब पडले की आम्ही मेणबत्ती शोधतो. शेवटी विळीवर खोवला. खोवलेलं खोबरं मोकळं राहिलं, मिक्सरसारखं दूध सुटलं नाही. त्यात आलं-मिरची, जिरं, दाण्याचं कूट, बेदाणे. मीठ, साखर, लिंबू अगदी भरायच्या वेळी.

कोथिंबिरीवरून मात्र पेच पडला. बेन म्हणाल्या घाल, सासूबाई म्हणाल्या उपासाला चालत नाही. सासरे बाहेरून ओरडले, "बटाटा चालतो ना? तो तर पोर्तुगीजांचा! चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला घेतला त्यांच्याकडून, बटाटा तेवढा ठेवून घेतला आपण." सासूबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कोथिंबीर राहिली.

आरारुटात घोळवून, तेल चांगलं तापल्यावर चार-चारच सोडल्या. झारा लगेच लावायचा नाही, हे बेननी माझं मनगट धरूनच शिकवलं. एकही फुटली नाही.

शेवटचा घाणा निथळत होता तेव्हा लाइट आली आणि बटण चालूच राहिलेला मिक्सर रिकामा गुरगुरायला लागला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या, "त्यालाही आज उपास."