टाकीचे झाकण

देवास संस्थानाच्या दोन पात्या होत्या, थोरली आणि धाकटी, हे या पत्रिकेच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. एकाच गावात दोन गाद्या, आणि मूळ पुरुष तुकोजी व जिवाजी हे सख्खे भाऊ. त्यावरून आमच्या घरात दादांना 'थोरली पाती' आणि मला 'धाकटी पाती' म्हणण्याचा प्रघात पडला होता. दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठे. ते नोकरीनिमित्त देवासला गेले आणि तिथलेच झाले. मी राज्य शासनाच्या सेवेत निरनिराळे जिल्हे फिरून २०२० साली निवृत्त झालो आणि धारला वडिलांच्या घरी परतलो. आमच्या पात्यांमध्ये वाटणीचा तंटा कधी झाला नाही, कारण वाटण्याजोगे फारसे नव्हतेच. एक जावा मोटरसायकल तेवढी होती. ती दादांनी आपण होऊन मला देऊन टाकली होती.

ही गाडी १९६८ सालची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. दादा मला पुढे टाकीवर बसवून मुंज तलावापर्यंत नेत, आणि उतरल्यावर बराच वेळ माझ्या मांड्यांतून तो टाकीचा कंप जात नसे. ज्या दट्ट्याने किक मारायची तोच आत दाबून पुढे वळविला की गिअरचा दांडा होतो, ही किमया मी वर्गात इतक्या वेळा सांगितली होती की मुले मला चुकवू लागली. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पुढे २०१८ पासून त्याच नावाच्या नव्या गाड्या बाजारात आल्या, आणि त्या तयार होतात कुठे, तर आमच्याच धार जिल्ह्यात, पीथमपूरला. परंतु नव्या गाडीला जुन्या गाडीची नात म्हणणे कठीण आहे. तिच्यात पेट्रोल पंपाने ढकलले जाते आणि किती सोडायचे ते विजेवर चालणारी यंत्रणा ठरविते. आमच्या जुन्या गाडीत पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने खाली येते. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, मध्ये एक तोटी आणि वीतभर नळी. ज्या भोजराजाच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे, त्याच्या राजधानीत राहणाऱ्याला एवढे यंत्र तरी कळायला हरकत नव्हती.

दादांचे सहस्रचंद्रदर्शन ठरले, तेव्हा वहिनींचा फोन आला. काचबिंदूने दादांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. वहिनी म्हणाल्या, "बाकी काही आणू नका भाऊजी. ते म्हणतात, एकदा जावावर बसून ये म्हणावं, आवाज ऐकायचाय." धार ते देवास, इंदूरवरून, सुमारे शंभर किलोमीटर. मी हो म्हटले, आणि गाडीने त्याच महिन्यात असहकार पुकारला.

व्हायचे असे की गाडी पहिल्या किकला सुरू होई, छान चाले, आणि काही अंतर गेल्यावर धाप लागल्यासारखी गचके देत बंद पडे. दहा मिनिटे झाडाखाली थांबावे, की पुन्हा जणू काही झालेच नाही. आमचे मिस्त्री वयाने माझ्याएवढेच. आयुष्य जावा आणि येझदी खोलण्यात गेलेले. त्यांनी ऐकून घेतले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "साब, टंकी के ढक्कन को किसी ने हाथ लगाया क्या?" मी म्हणालो, "नहीं."

त्यांनी कार्ब्युरेटर खोलून जेट फुंकून काढले, तोटीची जाळी धुतली, फ्लोटची सुई बदलली. दुकानापासून एक-दोन किलोमीटरची चक्कर मारली, गाडी उत्तम. मी घरी आणली, दुसऱ्या दिवशी मांडूच्या रस्त्याला लागलो आणि पुन्हा तेच. मग त्यांनी कॉइलवर संशय घेतला. तो संशय गैर नव्हता. तापलेली कॉइल किंवा थकलेला कंडेन्सर हीच लक्षणे दाखवितो: गरम झाले की ठिणगी जाते, थंड झाले की परत येते. कॉइल बदलली, प्लॅटिनम पॉइंट घासले. चार दिवसांनी गाडी पुन्हा रस्त्यात उभी, आणि मी दुकानात.

त्या दिवशी मी जे बोललो ते इथे सगळे लिहीत नाही. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईक होते. माझ्या पैशावर तुम्ही प्रयोग करीत आहात, असा त्याचा सारांश होता, आणि आवाज खुर्चीवरचा होता, जो निवृत्तीबरोबर जमा करायचा राहून गेला होता. मिस्त्री काही बोलले नाहीत. गल्ल्यातून मजुरीचे सहाशे रुपये काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. मी ते घेतले.

माझ्या जुन्या सवयीने मी एक वही घातली होती: तारीख, टाकीत पेट्रोल किती, कुठे बंद पडली. दौऱ्यावरच्या दैनंदिनीसारखी. त्या नोंदींत एक विचित्र गोष्ट दिसे. टाकी भरलेली असली की गाडी तीन-चार किलोमीटरवरच बंद पडे. अर्धी असली की दहा-बारा किलोमीटर जाई. जास्त शिधा असताना उपासमार लवकर, हे मला समजेना. ज्या माणसाने तीस-बत्तीस वर्षे 'फाइल कुठे अडली' एवढेच शोधले, त्याला ते समजायला हवे होते.

सहस्रचंद्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पहाटे मी तशीच गाडी काढली. मुलाने कारने सोडतो म्हटले. मी ऐकले नाही. वाटेत एकदा थांबलो, पुढे घाटाबिल्लोदच्या अलीकडे दुसऱ्यांदा. या वेळी मात्र मनाशी ठरवून क्रमाने पाहायला बसलो. प्लग काढला: कोरडा ठणठणीत, टोक पांढुरके. म्हणजे ठिणगीचा दोष नव्हे; पेट्रोल मिळत असते आणि ठिणगी नसती, तर प्लग ओला निघाला असता. कार्ब्युरेटरवरचे छोटे बटण दाबून पाहिले. ते दाबले की फ्लोट खाली जातो आणि पेट्रोल भरून वाहते. थेंबही आला नाही. नळी उपसली, तोटी उघडली. आधी चार थेंब, मग काही नाही. टाकीत तर पेट्रोल हलत असल्याचा आवाज येत होता. इथे एक गोष्ट आठवून अंगावर काटा आला. या गाडीत इंजिनाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते, आणि वर इंजिन अधिक तापते. मी महिनाभर दादांच्या गाडीचा पिस्टन जाम होण्याच्या काठावर नेऊन आणत होतो.

टाकीत किती आहे ते पाहावे म्हणून झाकण फिरविले. 'फुस्स' असा स्पष्ट आवाज झाला, हवा आत गेली, आणि हातातल्या नळीतून पेट्रोलची धार माझ्या बुटावर पडली.

झाकणाला एक बारीक भोक असते. जितके पेट्रोल खाली जाईल तितकी हवा वरून आत आली पाहिजे. नाही आली तर आतला दाब उतरतो आणि पेट्रोल जागीच लटकून राहते. भरल्या टाकीत हवेला जागाच थोडी, म्हणून दाब लवकर उतरे. अर्ध्या टाकीत उशिरा. दहा मिनिटांत हवा कुठून तरी झिरपून आत शिरे आणि गाडी 'बरी' होई. वहीतला प्रत्येक आकडा जागच्या जागी बसला.

भोक बुजले कसे, हे पाहायला झाकण उलटे केले. आत सायकलच्या ट्यूबची काळी चकती होती, फुगून लोळ्यासारखी झालेली. ती मीच कापली होती. पावसाळ्यात झाकणातून पाणी आत जाऊ नये, टाकी गंजू नये, म्हणून. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते पाणी शोषते, याविषयी वाचून मी फार सावध झालो होतो. ट्यूबचे रबर पेट्रोलमध्ये फुगते, हे मात्र लक्षात घेतले नव्हते. घातली तेव्हा ती बरोबर बसली; भोकावर चढायला तिला काही आठवडे लागले. 'झाकणाला कोणी हात लावला का?' या प्रश्नाला मी 'नाही' म्हणालो, तेव्हा खोटे बोलतो आहे असे मला वाटले नव्हते. झाकण बदलले नव्हते ना! अशा शाब्दिक खरेपणाबद्दल मी हाताखालच्या माणसांना नोटिसा काढलेल्या आहेत.

चकती काढून खिशात घातली. पाऊस नव्हता, झाकण तसेच लावले. बेटमा, इंदूर, देवास; गाडी कुठेही अडली नाही. चामुंडा टेकडी दिसू लागली तेव्हा नऊ वाजले होते. दादा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मी दारात गाडी उभी करून इंजिन चालूच ठेवले. ते म्हणाले, "कोपऱ्यावर तिसऱ्या गिअरमध्ये आलास. तिथे दुसरा लागतो." मग हात पुढे करून चाचपडत टाकीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. वहिनींनी चहा आणून परत नेला.

रात्री त्यांना सगळी हकीकत सांगितली. चकतीवर ते मनापासून हसले. नंतर म्हणाले, "आणि मिस्त्रींना सांगितलंस?"

"अजून धारला गेलोय कुठे?"

"जाशील तेव्हा आधी तिकडे जा. घरी नंतर."

तसेच केले. मिस्त्रींनी चकती हातात घेतली, दोन बोटांत दाबून पाहिली. मी चुकलो, असे हिंदीत म्हणायला मला फार शब्द लागले. मराठीतही लागले असते. त्यांनी पेट्रोलला टिकणाऱ्या जाड शीटमधून नवी चकती कापली, पोगराने मधोमध भोक पाडले, झाकणाचे मूळ भोक तारेने साफ केले आणि फुंकून पाहिले. म्हणाले, "मैंने भी खोल के नहीं देखा, साब. आपने 'नहीं' बोला, तो मैंने मान लिया."

सहाशे रुपये घ्यायला ते तयार होईनात. बरीच ओढाताण झाल्यावर तोडगा त्यांनीच काढला: पुढच्या महिन्यात क्लचच्या प्लेटी बदलायच्या आहेत, ही रक्कम त्या कामापोटी जमा धरू. वही मागवून त्यांनी ती माझ्यासमोर लिहून घेतली.