हळू बोलण्याची सोय

घरात देवाची जागा ठरलेली असते, पाण्याची ठरलेली असते. आमच्या घरात बोलण्याचीही जागा ठरलेली होती. ती म्हणजे अंगणातले तुळशीवृंदावन. त्याच्या उत्तरेला दोन पावले सरकून, सड्याकडे तोंड करून उभे राहिले की मोबाइलवर पलीकडचा आवाज येई. एक पाऊल ओटीकडे टाकले की तो तुटे. आमचे घर राजापूर तालुक्यात, वहाळाच्या काठी, खोलगट जागी. टॉवर वर सड्यावर. मधे डोंगराचा उतार आणि आंब्याफणसांची दाटी. त्यातूनही जी लहर खाली पोचेल तिला अडवायला आजोबांनी बांधलेल्या दीड फूट रुंदीच्या जांभ्याच्या भिंती! आजोबांनी त्या चोराला आणि पावसाला अडवण्यासाठी बांधल्या; पुढे नातीचा फोनही त्या अडवतील, हे त्यांना कोण सांगणार?

माझी धाकटी बहीण नाशकात दिलेली. रविवारी दिवेलागणीला तिचा फोन यायचा आणि आई तुळशीपाशी उभी राहून बोलायची. बोलायची म्हणजे ओरडायची. आवाज नीट येत नसला की माणूस आपलाच आवाज चढवतो. तो का चढवतो हे मला अजून कळलेले नाही. अख्ख्या वाडीला आमच्या घरची खबर असे. "बरं आहे गो बाय! पाऊस आहे! जेवलीस? पोरं काय म्हणतात? ठेवते!" एवढ्यात आई आटोपायची. पावसाळ्यात तर एका हातात छत्री, एका हातात फोन, आणि पायांत वृंदावनाभोवतालचे शेवाळ.

या बोलण्यासाठी आम्ही पैसे मात्र भरपूर मोजत होतो. आपल्याकडे चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, इंग्रजी महिना तीस-एकतीसांचा. मोबाइल कंपन्यांनी अठ्ठावीस दिवसांचा तिसराच महिना काढला. त्यामुळे त्यांच्या वर्षात महिने तेरा! पंचांगात अधिक मास साधारण तिसऱ्या वर्षी येतो, यांच्याकडे तो दरवर्षी. २०२२ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने निदान एक तरी योजना तीस दिवसांची ठेवा असे बजावले. डिसेंबर २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने, ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याच्या आणि संदेशांच्या योजना द्या, असाही नियम केला. आईसाठी मी तसलीच योजना घेतली. पण योजना कितीही स्वस्त असली तरी अंगणातच बोलायचे असेल तर ती अंगणाचीच योजना, घराची नव्हे.

गणपतीत घर भरते. मुंबईपुण्याची माणसे येतात आणि त्यांच्या खिशांत सगळ्या कंपन्यांचे फोन येतात. एका वर्षी मी भाचरांना कामाला लावले. फोनच्या सेटिंगमध्ये खोलवर कुठेतरी लहरीची ताकद डीबीएममध्ये लिहिलेली सापडते. आकडे उणे असतात, म्हणून मोठा दिसणारा आकडा वाईट. सातवीच्या वर्गाला हे शिकवताना माझा घसा कोरडा पडतो, पोरांना फोन हातात येताच ते दोन मिनिटांत कळले. तुळशीपाशी उणे सत्त्याण्णव, ओटीवर उणे एकशे आठ, माजघरात उणे एकशे अठरा. दर दहा अंकांना ताकद दसपट घटते. म्हणजे अंगणातून माजघरात जाईपर्यंत लहर शंभरपटीहून अधिक क्षीण होत होती. दुसऱ्या कंपन्यांचे फोनही माजघरात मुकेच. नाहीतर २०११ पासून देशभर सोय आहेच, नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. पण ज्याला बदलायची असेल त्याने आधी पाहुण्याचा फोन आपल्या माजघरात फिरवून पाहावा. जाहिरातीत वेगाचे आकडे असतात, भिंतीचे नसतात. उंच वारंवारतेच्या लहरी माहिती पुष्कळ वाहतात, पण भिंतीशी हात टेकतात. खालच्या वारंवारतेच्या लहरी भिंतीतून बऱ्या शिरतात.

एक दुकानदार छपरावर बूस्टर बसवून द्यायला निघाला होता. मी नको म्हटले. असली यंत्रे परवान्याशिवाय बसवणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. शिवाय आपल्या घरी आवाज यावा म्हणून शेजाऱ्याच्या फोनमध्ये खरखर घालायची, हे वाडीत शोभत नाही.

शेवटी उपाय सापडला तो खांबावरून आलेल्या तारेचा. गावात फायबरचे ब्रॉडबँड आले, ते घेतले. वाय-फायवरून साधा फोन लावण्याची सोय आपल्या देशात २०१९ च्या अखेरीस सुरू झाली. नंबर तोच, पलीकडच्याला काही करावे लागत नाही. आवाज सड्यावर न जाता घरातल्या डबीतून तारेने जातो. आईच्या बटणांच्या फोनात ती सोय नव्हती. माझ्या मुलीचा जुना फोन तिला दिला, सेटिंगमध्ये एक खटका सुरू केला आणि डबी माजघरात ठेवली. कोकणात वाऱ्याची झुळूक आली तरी वीज जाते, तेव्हा डबीला छोटी बॅटरीही जोडली. आईने पहिल्या दिवशी सवयीने तुळशीपर्यंत जाऊनच फोन घेतला!

दुसऱ्या रविवारी ती माजघरात पाटावर बसून बोलली. ओरडण्याची गरज नव्हती, म्हणून ओरडली नाही. किती वेळ बोलली कोण जाणे. चूल विझून गेली होती. बुधवारी बहीण नाशकाहून न कळवता आली आणि आईला रत्नागिरीला डॉक्टरकडे घेऊन गेली. काहीतरी बायकी दुखणे होते, चार महिने अंगावर काढलेले. अंगणात उभे राहून ते कसे ओरडून सांगायचे? आणि मला तर ती कधीच सांगणार नव्हती. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलेत.

आई आता हिंडतीफिरती आहे. रविवारी फोन वाजला की ती माजघराचे दार लोटून घेते. मी ओटीवर वह्या तपासत बसलेला असतो. भिंत दीड फुटाची. मला काही ऐकू येत नाही. मधेच आईचे हसणे तेवढे येते.