मधलं पुस्तक

तीन भागांच्या कादंबरीतला दुसरा भाग म्हणजे घरातलं मधलं पोर. थोरल्याचं कौतुक होऊन गेलेलं असतं, धाकट्याचे लाड व्हायचे असतात, मधल्याकडे कुणी धड बघत नाही. अमीश त्रिपाठींचं ‘नागांचे रहस्य’ मी याच हिशेबाने हातात घेतलं. मे महिन्याची सुट्टी, सुरतेतलं उधन्याचं घर, दुपारची लाइट गेलेली. दुसरं करण्यासारखं होतं तरी काय?

मूळ इंग्रजी पुस्तक २०११चं. त्यात शिव हा देव नाही. तिबेटातून आलेला, लोकांनी देव ठरवलेला एक टोळीप्रमुख आहे. पहिल्या भागात नाग म्हणजे सरळ खलनायक. झगा, मुखवटा, अंधारातून सतीवर झडप. दुसऱ्या भागात तो मुखवटा उतरतो. (ज्यांनी वाचलं नाही त्यांनी माफ करा, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.) नाग म्हणजे जन्मतःच शरीरात व्यंग असलेली माणसं. मागच्या जन्मीचं पाप म्हणून मेलुहात अशा बाळांना हद्दपार करतात. सतीला सांगितलेलं असतं, तुझं पहिलं मूल मेलेलंच जन्मलं. ते जिवंत असतं, हत्तीच्या तोंडवळ्याचं. तो गणेश. आणि जिच्याबद्दल सतीला कधी कळूच दिलं नाही ती चार हातांची जुळी बहीण, काली.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसले. जे रूप आपण दहा दिवस मखरात बसवतो, त्याच रूपाचं बाळ कुणाच्या पाळण्यात आलं तर?

पुस्तक थोर आहे असं माझं म्हणणं नाही. संवाद कधीकधी थेट सिनेमातले वाटतात आणि लढाया फार लांबतात. शिवाय नागांची राजधानी पंचवटी! पंचवटी म्हटलं की आम्हा सुरतच्या मराठी लोकांना सापुताऱ्याचा घाट आणि बसच्या खिडकीतून उलट्या करणारी मामेभावंडं आठवतात. तिथे पोचायला शिवाला अख्खा दुसरा भाग लागतो.

पण ब्रंगा लोकांचं प्रकरण मला सोडेना. त्यांच्या देशात साथ येते, औषध फक्त नागांकडे. काशीत येऊन राहिलेल्या ब्रंगांकडे बाकीचं शहर संशयानेच बघतं. हे मी संध्याकाळी पप्पांना सांगत होते. पप्पा कादंबऱ्या वाचत नाहीत, चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात गेल्याने त्यांना अर्धं ऐकूही येत नाही. पण हे त्यांनी ऐकलं. म्हणाले, “चौऱ्याण्णवला आम्ही तेच होतो.”

१९९४च्या सप्टेंबरात, गणपती नुकतेच बुडालेले असताना, सुरतेत प्लेग आला. मेले पन्नासेक, पण पळाले लाखो. टेट्रासायक्लिनसाठी दुकानांपुढे रांगा, जो तो तोंडाला रुमाल बांधून. हे सगळं मी शाळेत ऐकलं होतं, पुढच्या वर्षी आलेल्या आयुक्त एस. आर. राव यांनी शहर कसं चकाचक केलं त्या धड्यासकट. पप्पांचं मात्र ऐकलं नव्हतं. ते भुसावळ लाइनच्या गाडीत उभ्याने नंदुरबारकडे गावी गेले. अंगणात पाय ठेवणार तोच काका ओरडले, “तठेच थांब!” पंधरा दिवस ते खळ्यात झोपले. आजी ताट बांधावर ठेवून मागे सरायची आणि ते जेवेपर्यंत लांब उभी राहायची. साधा ताप सुद्धा नव्हता त्यांना.

“राग नाही आला?” मी विचारलं.

“कोणाचा? घरात पोरं होती लहान.” मग थोड्या वेळाने, “तुझ्या पुस्तकातल्या त्या आईने काय केलं, पोरगा समोर आल्यावर?”

मी सांगितलं, पोटाशी धरलं. नवरा रागावून निघून गेला तरी तिने पोराला सोडलं नाही.

“हां,” म्हणाले, आणि रात्रपाळीचा डबा मागितला.

तिसरा भाग आणून ठेवलाय. मैत्रीण म्हणते, त्यात साथ का येते, नाग तसे का जन्मतात, सगळ्याचं कारण कळतं. कळेल सावकाश. सध्या मी दुसऱ्यातलीच ती चार पानं पुन्हा वाचतेय.