काळ्या चित्रापुढे

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला जाऊन आम्ही उभयता वृद्ध आईसह खानापूरकडे परतत होतो. पणजीस गाडीला दोन तासांचा अवकाश होता, म्हणून जवळच भरलेले एक चित्रप्रदर्शन पाहावयास शिरलो. नदीकाठ, माडांची बने, पांढरीशुभ्र चर्चे असे काही प्रसन्न पाहावयास मिळेल, ही आमची अपेक्षा. पण भिंतीवर होती ती काळवंडलेली, विद्रूप माणसे! कोणाचे डोळे थेट कपाळावर चढलेले, कोणाचे दात विचकलेले. आमचा जीव घाबरा झाला. "चला आई, हे आपल्यासाठी नव्हे," असे म्हणून आम्ही दाराकडे वळलो.

आई मात्र जागची हलेना. तिच्यापुढे क्रुसावरील प्रभूचे चित्र होते. १९५९ साली रंगविलेल्या मूळ चित्राची ती छापील प्रत होती. मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाचे आहे. आपल्या देवघरातील गोऱ्या, शांत मुद्रेचा प्रभू तो नव्हेच. काळा देह, अंगभर काट्यांसारख्या रेषा, मुखावर असह्य वेदना.

चित्रकार होते फ्रान्सिस न्यूटन सोझा. त्यांचा जन्म १९२४ साली बार्देशातील साळगावी झाला. काही महिन्यांतच पितृछत्र हरपले. पुढे बाळाला देवी आल्या, तेव्हा मातेने संत फ्रान्सिस झेवियर यांना नवस केला. बाळ वाचले आणि त्याच्या नावात 'फ्रान्सिस' आले. ज्यांच्या फेस्ताहून आम्ही येत होतो, त्याच संताचे हे नाव! बालपणीच्या चर्चमधील काट्यांच्या मुकुटाच्या, रक्तबंबाळ मूर्तीचा आपल्या मनावर खोल ठसा उमटला, असे सोझा यांनी लिहून ठेवले आहे.

हे आम्ही आईला सांगितले. ती हळूच म्हणाली, "मलाही देवी आल्या होत्या, तेव्हा घरच्यांनी आरसा लपवून ठेवला होता. बरी झाल्यावरही माझ्याकडे कोणी धड पाहीना. मग याच्याकडे पाहून मी कशी तोंड फिरवू?"

आम्ही निरुत्तर झालो. तिच्या मुखावरील व्रण आम्ही जन्मभर पाहत आलो. त्यामागचे दुःख कधी विचारले नव्हते.

शेवटच्या भिंतीवर एक चित्र निव्वळ काळे दिसत होते. सोझा यांनी १९६५च्या सुमारास काळ्यावर काळाच रंग जाड थापून अशी चित्रे काढली. १९६६ साली ती लंडनमध्ये मांडली गेली, तेव्हाही पाहणारे बुचकळ्यात पडले असतील. "यात आहे तरी काय?" आम्ही पुटपुटलो. रखवालदार हसून म्हणाला, "समोरून नको, कडेने पाहा." आम्ही दोन पावले बाजूस सरलो. रंगाच्या उंचवट्यांवर तिरपा उजेड पडला आणि त्या काळोखातून एक मुख उमटले. चित्र तेच होते. उभे राहण्याची आमची जागा चुकली होती.

घरी आल्यावर आम्ही आमच्या लग्नाचे छायाचित्र काढून पाहिले. आई मागच्या रांगेत, पदराने अर्धे तोंड झाकून उभी होती. एवढ्या वर्षांत ते आमच्या ध्यानीही आले नव्हते.

नाताळात आम्ही नवे छायाचित्र काढविले. मधल्या खुर्चीवर आई बसली आहे आणि तिचा पदर खांद्यावर आहे.