बेरजेत न मावणारे पाच

व्हॅलोरंट या बंदुकीच्या ऑनलाइन खेळातली चढण आयर्नपासून सुरू होते. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, असेंडंट, इमॉर्टल अशी वाट वर जाते आणि रेडियंटला संपते. रेडियंट म्हणजे आपापल्या विभागातले वरचे 500 जण. ही शेवटची श्रेणी सोडली तर प्रत्येकीचे तीन-तीन टप्पे, म्हणजे सगळ्या मिळून 25 पायऱ्या. रायट गेम्सने 2 जून 2020 रोजी, माणसं घरात कोंडलेली असताना, हा खेळ खुला केला आणि तेव्हापासून आपल्याकडची कितीतरी पोरं-पोरी रात्रीची जेवणं उरकून मुंबईच्या सर्व्हरवर या पायऱ्या चढू-उतरू लागली. पाच विरुद्ध पाच, आणि 13 फेऱ्या आधी जिंकेल त्या संघाचा सामना. एकट्याने क्यू लावली तर सोबतचे चौघे साफ अनोळखी: एखादा नाशिकचा, एखादा कोईमतूरचा, एखादी गुवाहाटीची. अर्ध्या-पाऊण तासाचा संसार आणि मग बहुधा कायमची ताटातूट. या चढणीबद्दल सगळ्यात जास्त कानावर येणारी तक्रार एकच आहे: माझा खेळ वरचा आहे, पण टीममेट धड मिळत नाहीत, म्हणून मी इथे अडकलोय. ती मला खोटी वाटत नाही. ज्या रात्री ती तोंडातून निघते त्या रात्रीपुरती बऱ्याचदा खरीच असते. वर्षाच्या मापाने मात्र ती टिकत नाही, आणि का टिकत नाही हे शोधताना या खेळात माणसाचं नेमकं काय मोजलं जातं ते दिसू लागतं.

आधी साधा हिशेब करू. समजा एखाद्याचा खेळ खरोखरच आजच्या श्रेणीपेक्षा सरस आहे, इतका की तो संघात असला की शंभरात 55 सामने जिंकले जावेत. असा खेळाडू 20 सामने खेळला तरी निम्म्यापेक्षा कमी जिंकण्याची शक्यता जवळपास 25 टक्के उरते. म्हणजे आठवडाभर खेळून, चांगलं खेळून, खाली घसरणं अगदी शक्य आहे. पण सामने 100 झाले की ही शक्यता 13 टक्क्यांच्या आसपास येते आणि 400 झाले की दोन टक्क्यांवर. दैव खरं आहे, फक्त त्याचा दम कमी पडतो. शिवाय समोर पाच अनोळखी असतात आणि आपल्याकडे चार. खराब खेळणारा येऊन बसायला तिकडे एक जागा जास्त आहे. आपल्याकडची पाचवी जागा आपणच अडवलेली असते. तेव्हा शेकडो सामन्यांनंतरही जो तिथेच आहे त्याच्या बाबतीत बदललं नाही असं एकच काही उरतं, आणि ते त्या पाचव्या जागेवर आहे.

इथवरचा युक्तिवाद अनेकांना ठाऊक असतो, आणि बहुतेक जण त्यातून एवढाच अर्थ काढतात की नेम सुधारायला हवा. मला तो अर्थ अपुरा वाटतो. या सगळ्या श्रेणींच्या मुळाशी आर्पाद एलो या प्राध्यापकाने बुद्धिबळासाठी बसवलेली पद्धत आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती 1970 साली स्वीकारली. तिथे पटाच्या अलीकडे एक माणूस, पलीकडे एक माणूस, आणि निकाल दोघांचाच. संघाच्या खेळात ही सोय नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक्सबॉक्ससाठी ट्रूस्किल नावाची पद्धत रचली तेव्हा त्यांना हा पेच सोडवावा लागला. प्रत्येक खेळाडूच्या कौशल्याचा एक अंदाज धरायचा, त्या अंदाजाची खात्री किती हेही सोबत धरायचं, आणि संघाची ताकद म्हणजे सगळ्यांच्या कौशल्याची बेरीज असं मानायचं. गणित म्हणून हे देखणं आहे. पण ज्याने कुठल्याही संघात काही काळ काढलाय त्याला ही बेरीज चुकते कुठे ते ठाऊक असतं. पाच चांगले मिळून कधी तिघांएवढेच भरतात, आणि पाच साधारण मिळून कधी सातांना भारी पडतात. माझं म्हणणं असं की वर चढतो तो खेळाडू या चुकीतून चढतो: त्याच्या असण्याने बेरीज अपेक्षेपेक्षा मोठी येते. यंत्राला ते का झालं हे कळत नाही. त्याला मुख्यतः एवढंच दिसतं की हा असला की संघ अंदाजापेक्षा जास्त वेळा जिंकतो.

ही वाढीव बेरीज कुठून येते हे पाहायला फेरीआधीच्या खरेदीच्या 30 सेकंदांइतकी चांगली जागा नाही. व्हँडल ही बंदूक 2900 क्रेडिटची, जड शील्ड 1000 चं. पूर्ण तयारीला किमान 3900 लागतात. समजा संघ एक फेरी हरलाय. दोघांकडे 4200 आहेत, तिघांकडे 2000. ते दोघे म्हणाले, आमच्याकडे आहेत, आम्ही घेतो. घेतलं. दोन बंदुका आणि तीन पिस्तुलं घेऊन पाच बंदुकांसमोर गेले आणि हरले. लागोपाठच्या दुसऱ्या हारीचे प्रत्येकी 2400 मिळाले. आता तिघांकडे 4400 आहेत, पण त्या दोघांकडे 2700, म्हणजे व्हँडलही येत नाही. पुन्हा निम्मा संघ सजलेला आणि निम्मा उघडा. त्याऐवजी त्या दोघांनी हात आखडता घेतला असता तर ही फेरी हरूनही पुढच्या फेरीला पाचही जण पूर्ण तयारीने उभे राहिले असते, वर त्या दोघांच्या खिशात दुसऱ्याला द्यायला पैसे उरले असते. इथे नेमाचा प्रश्नच नाही. दोन अनोळखी माणसांनी तीन अनोळखी माणसांसाठी एक फेरी थांबायचं आहे. सामना संपल्यावरच्या तक्त्यावर हे थांबणं कुठेही उमटत नाही.

तसंच ट्रेडचं. पहिला आत घुसतो आणि मरतो. त्याच्या मागे अर्ध्या सेकंदाच्या अंतरावर दुसरा असेल तर मारणाराही लगेच मरतो आणि हिशेब चार-चारवर येतो. दुसरा लांब कोपऱ्यात आपली किल जपत बसला असेल तर चार-पाच. कबड्डीत टाळ्या चढाईपटूला मिळतात, पण तो परत जातो की नाही हे साखळीतला हात किती घट्ट आहे यावर ठरतं; या खेळातलं मागे उभं राहणं त्याच जातीचं आहे. आणि मेल्यावरची ती हाक: "एक ए मेनला, जेट, 80 बसलेत." म्हणजे ए मेन या वाटेवर एक शत्रू आहे, जेट हे पात्र घेऊन खेळणारा. शील्डसकट 150 जीव, त्यातले 80 गेले, म्हणजे आता अंगात दोन गोळ्या लागल्या तरी पुरेत. मेलेल्या माणसाने सांगितलेली ही बातमी जिवंत माणसाच्या हातातली बंदूक बदलल्याइतकी मोलाची असते. तीच वेळ "काय करताय रे तुम्ही" असं ओरडण्यात गेली तर चौघांच्या कानात फक्त राग उरतो, आणि पावलांचा आवाज ऐकायला जागा राहत नाही.

नेम श्रेष्ठ मानणारे म्हणतील, हे सगळं ठीक, पण ज्याची पहिली गोळी डोक्यात बसते त्याला ही उठाठेव कशाला? आक्षेप वजनदार आहे. व्हँडलची डोक्यातली एक गोळी 160 चं नुकसान करते, समोरच्याचा जीव 150. संवाद वगैरे सगळं तिथे एका क्षणात संपतं. नेम नसेल तर चढण नाही, हे मला मान्यच आहे. पण श्रेणीचं यंत्र नेमकं हेच करतं की तुमच्यासारख्या नेमाची माणसं तुमच्यासमोर आणून उभी करतं. उत्तम नेमाचा खेळाडू भराभर वर येतो आणि मग अशा मजल्यावर पोचतो जिथे सगळ्यांचाच नेम त्याच्याइतका आहे. तिथून पुढे तो नेम नुसतं तिकीट उरतो. गोल्डमध्ये सगळ्यांचे हात गोल्डचे, इमॉर्टलमध्ये सगळ्यांचे इमॉर्टलचे. फरक पडायला जी जागा शिल्लक राहते ती याच थांबण्या-सांगण्याची असते.

स्मर्फ, म्हणजे मुद्दाम खालच्या श्रेणीत उतरून खेळणारे कसलेले खेळाडू, आणि चीटर यांच्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. वाईट आहेत, सामने नासवतात, पण दोन्ही बाजूंच्या वाट्याला येतात. ज्याला उत्तर नाही असा आक्षेप पिंगचा, म्हणजे सर्व्हरशी संदेश जाण्या-येण्यात लागणाऱ्या वेळाचा आहे. मुंबई-पुण्यात फायबरवर बसलेला आणि गडचिरोलीच्या एखाद्या गावात फोनच्या हॉटस्पॉटवर खेळणारा एकाच कोपऱ्यावर समोरासमोर आले, तर दुसऱ्याला तो कोपरा किंचित उशिरा दिसतो, आणि एका गोळीच्या खेळात किंचित हे फार असतं. हे अंतर सामन्यांच्या संख्येने विरघळत नाही, कारण ते दर सामन्यात त्याच बाजूला असतं. त्याच्या श्रेणीत त्याचं गावही मोजलं जातंय, आणि ते वजा करण्याची तजवीज कुठल्याही एलोत नाही. अशा खेळाडूचं प्लॅटिनम मी दुसऱ्याच्या प्लॅटिनमहून वरचं मानेन.

आणि माझ्या स्वतःच्या युक्तिवादाला सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट आवाजाची आहे. बेरीज वाढते ती बोलण्याने, असं मी म्हणतोय. पण बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. माइक सुरू केला आणि आवाज मुलीचा निघाला की पुढचा सामना कसा जातो, हे खेळणाऱ्या मुलींना पुरतं ठाऊक आहे. म्हणून अनेक जणी माइक बंदच ठेवतात, नकाशावर नुसत्या खुणा करत खेळतात. रायटने 2022 च्या जुलैत तक्रारींसाठी आवाजाची नोंद तपासणारी यंत्रणा उभी करायला घेतली, ती उत्तर अमेरिकेत आणि इंग्रजीपासून. मुंबईच्या सर्व्हरवर शिवी हिंदीत पडते, तमिळमध्ये पडते, आपल्या मराठीतही पडते. तिथे ती थांबवण्याचं काम अजून बरंचसं उरलेल्या तिघांवर आहे, जे बहुधा गप्प बसतात. त्यांनी "अरे बोलू दे तिला" एवढं म्हटलं तरी पुढच्या फेरीची माहिती मिळते. नाही म्हटलं तर बी साइटवर दोघे शिरल्याचं तिला दिसतं आणि ती सांगत नाही. मग ती फेरी पाचही जण हरतात, आणि ज्याने शिवी दिली तो सामना संपल्यावर टीममेट धड मिळत नाहीत म्हणतो.